सोनखत आणि मूत्रखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी बरीच वर्षं कोरडा (इकोसॅन) संडास आहे आणि त्यातून निघालेलं खत, म्हणजे मुरलेल्या विष्ठेचं सोनखत आणि लघवीचं मूत्रखत, आमच्याच झाडांना जातं. हे कळलं की माणसं प्रश्न विचारतात. कुणी दबक्या आवाजात विचारतं, कुणी तावातावाने. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एखाद्या उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तरी प्रश्न ७ आणि ९ वाचल्याशिवाय शेतात काहीही टाकू नका.

१. इकोसॅन संडास म्हणजे काय? नेहमीच्या संडासापेक्षा त्यात वेगळं काय असतं?

नेहमीच्या संडासात ओंजळभर विष्ठा वाहून न्यायला आपण बादलीभर चांगलं पाणी ओततो. मग ते सगळं पाणी घाण झालं म्हणून ते शुद्ध करण्याच्या मागे लागतो. इकोसॅनमध्ये (‘इकॉलॉजिकल सॅनिटेशन’चं छोटं नाव) विष्ठा पाण्यात मिसळूच द्यायची नाही. ती कोरडी ठेवायची, मुरू द्यायची आणि निर्धोक झाली की मातीला परत द्यायची.

सर्वात रुळलेला प्रकार असा: शौचपात्राचे दोन भाग असतात. पुढच्या भागातून लघवी नळीवाटे कॅनमध्ये जाते, मागच्या भोकातून विष्ठा खालच्या कोरड्या कप्प्यात पडते. कप्पे दोन असतात. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायला घ्यायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातला माल मुरत राहतो. ही दोन कप्प्यांची रचना १९५०च्या दशकात व्हिएतनामच्या खेड्यांत रूढ झाली आणि तिथून जगभर गेली.

२. माणसाच्या मलमूत्रात खत म्हणून घेण्यासारखं असतं तरी काय?

जे आपण खातो तेच. मोठ्या माणसाचं शरीर वाढत नसतं, त्यामुळे अन्नातून आलेलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) जवळजवळ सगळं बाहेर पडतं. एक माणूस वर्षाला साधारण ५०० लिटर लघवी आणि ५० किलोच्या आसपास विष्ठा टाकतो. दोन्ही मिळून त्यात २ ते ४.५ किलो नत्र असतं. आहारात प्रथिनं जितकी जास्त, तितकं नत्र जास्त.

स्फुरदाचा शोधच मुळी लघवीतून लागला. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने लघवी आटवून आटवून ते वेगळं काढलं. आज शेतात पडणारं स्फुरद मुख्यतः खाणीतल्या खडकातून येतं. खडक संपतो. लघवी रोजची आहे.

३. लघवी आणि विष्ठा वेगळी का ठेवायची? एकत्र केली तर खत जास्तच मिळेल ना?

या पानावरचं बाकी सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. खताची ताकद लघवीत आहे आणि धोका विष्ठेत आहे. एकूण नत्रातलं ८० ते ९० टक्के आणि स्फुरदातलं निम्म्याहून जास्त लघवीतून जातं. पटकी, हगवण, विषमज्वर, पोलिओ, जंत या सगळ्यांचे जंतू, विषाणू आणि अंडी मात्र प्रामुख्याने विष्ठेतून बाहेर पडतात.

दोन्ही एकत्र केलं की ५० लिटर धोकादायक मालाचा ५५० लिटर धोकादायक माल होतो. शिवाय ओली विष्ठा वाळत नाही, आणि न वाळलेल्या विष्ठेतले जंतू जास्त दिवस तग धरतात. वेगळं ठेवलं तर लघवी थोड्या महिन्यांत वापरता येते आणि विष्ठेला हवा तेवढा वेळ देता येतो.

४. खरं सांगा, वास येतो की नाही?

विष्ठा कोरडी असेल तर संडासात राखेचा नाहीतर मातीचा वास येतो. वास सुटला तर कप्प्यात कुठेतरी ओल आहे असं समजा. लघवीची नळी गळत असेल, पाहुण्याने पाणी ओतलं असेल, किंवा राख कमी पडली असेल. कप्प्याच्या हवानळीला वर बारीक जाळी लावा. हवा खेळती राहते आणि माश्या आत जात नाहीत.

लघवीच्या कॅनला वास असतोच, आणि तो उग्र असतो. तो नळीतून मागे येऊ नये म्हणून नळीचं तोंड कॅनच्या तळापर्यंत सोडा आणि झाकण घट्ट ठेवा.

५. आम्ही पाण्याने धुतो. मग कोरडा संडास आमच्याकडे चालणार कसा?

चालतो, पण धुण्याची जागा वेगळी लागते. शौचपात्राच्या मागे किंवा बाजूला उतार देऊन तिसरं भोक ठेवतात. बसलेल्या माणसाने जरा सरकून तिथे धुवायचं. हे पाणी कप्प्यातही जाऊ द्यायचं नाही आणि लघवीच्या कॅनमध्येही नाही. कप्प्यात गेलं तर माल ओला होतो. कॅनमध्ये गेलं तर विष्ठेतले जंतू लघवीत शिरतात आणि वेगळं ठेवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो.

धुण्याचं पाणी खडी-वाळू भरलेल्या उथळ वाफ्यात सोडा. वर कर्दळ किंवा केळीसारखी पाणी पिणारी झाडं लावा. विहिरीजवळ हा वाफा नको. नव्या माणसाला सरकायची सवय लागायला दोन-चार दिवस लागतात. आमच्याकडे भिंतीवर एक चित्र लावलं आहे, तेवढं पुरतं.

६. वरून राख टाकायची की लाकडाचा भुसा? मी दोन्ही टाकतोय.

दोन्ही एकदम टाकू नका. या दोन वेगळ्या वाटा आहेत.

राखेने माल वाळतो आणि त्याचा सामू (pH) वर जातो. वाढलेल्या सामूत जंतू मरतात. पण कुजवणारे सूक्ष्मजीवही मंदावतात, त्यामुळे कंपोस्ट होत नाही, कोरडी भुकटी होते. दर वेळी एक-दोन वाट्या राख पुरते. राख थंड झालेली हवी, आणि प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली नको. राख नसेल तर चुन्याची पूड चालते, पण ती डोळ्यांत आणि हातावर जाऊ देऊ नका.

भुसा, वाळका पाला, चिपाड हा सूक्ष्मजीवांना खुराक आहे. विष्ठेत कर्बाच्या (कार्बनच्या) मानाने नत्र फार असतं. ढीग नीट कुजायला एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब लागतो. तो भुशातून मिळतो. ही कंपोस्टची वाट, आणि तिच्यात थोडी ओल लागतेच.

एक वाट धरा. घरात चूल असेल तर राखेची वाट सोपी पडते. ढीग लावायला, परतायला आणि त्याचं तापमान मोजायला तयारी असेल तरच कंपोस्टच्या वाटेला जा.

७. विष्ठा किती दिवस ठेवली म्हणजे निर्धोक होते?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. नुसती साठवण करणार असाल तर २० ते ३५ अंश तापमानात एक वर्षाहून जास्त ठेवा. त्याहून थंड हवामानात दीड ते दोन वर्षं. राख किंवा चुन्याने सामू ९च्या वर टिकवला, आणि माल उष्ण व अगदी कोरडा राहिला, तर सहा महिन्यांहून अधिक काळ पुरतो. कंपोस्टच्या वाटेत ढिगाचं तापमान किमान आठवडाभर ५० अंशांच्या वर राहायला हवं, आणि तेही मधल्या भागात नव्हे, संपूर्ण ढिगात. म्हणून ढीग परतावा लागतो. घरचा लहान ढीग एवढा तापतच नाही. सुमारे घनमीटरभर माल असल्याशिवाय उष्णता टिकत नाही, त्यामुळे घरच्या ढिगालाही वर्षभराचा वेळ देणंच बरं.

मोजणी शेवटच्या वापराच्या दिवसापासून सुरू होते. ही चूक सर्रास होते. जानेवारीत सुरू केलेला कप्पा डिसेंबरमध्ये भरला, म्हणजे माल वर्षाचा झाला असं लोक धरतात. तळाचा थर वर्षाचा झालेला असतो, वरचा थर कालचा असतो. बंद केल्याची तारीख कप्प्याच्या दारावर खडूने नव्हे, रंगाने लिहा.

इतका वेळ कशासाठी? बहुतेक जीवाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतात. अडचण गोलकृमीच्या अंड्यांची आहे. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की ओलसर, सावलीतल्या मातीत ते वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतं. मातीतून पसरणारे जंत आजही जगात सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात आहेत. मुलांची वाढ त्याने खुंटते, रक्त कमी होतं. कच्चा मैला शेतात टाकणं म्हणजे हे चक्र आपल्या हाताने फिरवत ठेवणं. हा विषय मी तोलून मापून सांगत नाही, कारण यात पोरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

८. माल तयार झाला हे ओळखायचं कसं?

रंग, वास आणि स्पर्श यावरून माल मुरला की नाही हे कळतं. जंतांची अंडी मेली की नाही हे कळत नाही. ती डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून प्रश्न ७ मधला कालावधी आधी पुरा करायचा, मग माल बघायचा.

आमचा पहिला कप्पा आम्ही चौदा महिन्यांनी उघडला. माल राखाडी, भुसभुशीत. फावडं मारलं की पिठासारखा पडत होता, आणि वास जुन्या भिंतीच्या मातीसारखा. पण डाव्या कोपऱ्यात नारळाएवढा काळपट गोळा निघाला. फोडला तर आतून ओला, आणि त्याला जुना ओळखीचा वास. वर पाहिलं तर लघवीच्या नळीचा सांधा तिथेच होता आणि थेंब थेंब गळत होता. तो गोळा आणि त्याच्या आजूबाजूचा हातभर माल आम्ही दुसऱ्या कप्प्यात टाकला, वर भरपूर राख घातली, सांधा बदलला. तेवढ्या मालाची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू केली. गोळा सापडला तर असंच करा. ‘थोडंसंच आहे’ म्हणून तो बाकीच्यात कालवू नका.

प्रयोगशाळेत तपासणी करून घेता आली तर उत्तम. कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे जिवंत जंताचं एकाहून कमी अंडं, असा निकष आहे.

९. लघवी कशात आणि किती दिवस साठवायची?

प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये. लोखंड, तांबं, जस्ताचा पत्रा नको, लघवी धातू खाते.

साठवल्यावर लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो आणि सामू ६ वरून ९ च्या आसपास जातो. हा अमोनियाच जंतूंना मारतो. झाकण उघडं राहिलं तर तो उडून जातो, म्हणजे जंतुनाशकही गेलं आणि नत्रही गेलं. वरून पाणी घालून साठवू नका, ताकद कमी होते.

अनेक घरांची लघवी एकत्र गोळा करत असाल, तर २० अंश किंवा त्याहून जास्त तापमानात सहा महिने ठेवल्यावर ती कोणत्याही पिकाला चालते. शिजवून किंवा प्रक्रिया करूनच खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना महिनाभराची साठवण पुरते. एकाच घरची लघवी त्याच घरात खाल्ल्या जाणाऱ्या पिकाला साठवण न करताही देता येते, मात्र शेवटची मात्रा आणि काढणी यांत एक महिना सोडायचा. घरातली माणसं एकमेकांच्या इतकी जवळ राहतात की आजार पसरायला लघवीची वाट लागत नाही, हे या सवलतीमागचं कारण. या सवलतीला अपवाद आहेत, ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहेत.

कॅनच्या तळाशी पांढरट गाळ बसतो. फेकू नका, त्यात स्फुरद आहे. तोच गाळ नळीत बसून ती तुंबते. नळीला सतत उतार द्या, वळणं कमी ठेवा आणि मधूनमधून व्हिनेगर सोडा.

१०. पिकाला लघवी किती आणि कशी द्यायची? किती पाणी मिसळू?

सोपा हिशेब: एका चौरस मीटरला एका हंगामात दीड लिटर, म्हणजे एका माणसाची साधारण एका दिवसाची लघवी. वर्षाच्या ५०० लिटरमध्ये ३०० ते ४०० चौरस मीटरचं एक पीक निघतं. लिटरमागे ४ ग्रॅम नत्र धरलं तर वर्षाचं दोन किलो नत्र होतं. तेवढ्यासाठी युरिया खत चार किलोंहून जास्त लागेल.

पाणी किती, यावर लोक फार अडतात. तीनपट घाला, पाचपट घाला, दहापट घाला. झाडाला मिळणारं नत्र तेवढंच राहतं. पाणी मिसळण्याने मुळं भाजत नाहीत आणि वासही कमी येतो, एवढाच फायदा. आम्ही दहा लिटरच्या झारीत दोन लिटर लघवी आणि बाकी पाणी घेतो.

पानांवर शिंपडू नका, पानं करपतात. झाडापासून वीतभर अंतरावर सरी ओढा, त्यात ओता, लगेच मातीने बुजवा. मोठ्या झाडाला बुंध्याशी नको. फांद्यांचा घेर संपतो तिथे गोल चर काढा. सगळी मात्रा एकदम देण्याऐवजी दोन-तीन हप्त्यांत द्या. बी उगवताना देऊ नका. पिकाचा दोन-तृतीयांश काळ सरला की थांबा, त्यानंतर दिलेलं नत्र पिकाच्या फारसं कामी येत नाही. जोराच्या पावसाआधीही नको.

११. कोणत्या पिकांना द्यावं, कोणत्यांना टाळावं?

मुरलेलं सोनखत फळझाडं, बांधावरची झाडं, फुलझाडं आणि धान्यपिकं यांना द्या. पेरणीआधी जमिनीत मिसळून टाका, वर उघडं ठेवू नका. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या, आणि गाजर-मुळ्यासारखी जमिनीतली कंदमुळं यांना देऊ नका. पूर्ण मुरलेलं असलं तरी देऊ नका, असंच मी सांगते. पर्याय असताना जोखीम कशाला?

लघवी नत्रखाऊ पिकांना भरभरून मानवते: मका, केळी, कोबी, पालेभाज्या. पालेभाजीला देताना साठवण आणि महिन्याचं अंतर पाळा. डाळवर्गीय पिकं आपलं नत्र स्वतः हवेतून घेतात, त्यांच्यावर लघवी वाया घालवू नका.

१२. घरात औषधं चालू आहेत. ती मातीत आणि पिकात जातील का?

काही अंशी हो. गोळीतला बराचसा भाग लघवीतूनच बाहेर पडतो. मातीतले सूक्ष्मजीव त्यातली बरीच द्रव्यं मोडतात, आणि नदीत सोडण्यापेक्षा जिवंत मातीत ती मोडण्याची शक्यता अधिक असते. पण सगळी मोडत नाहीत. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपीन फार चिवट आहे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीसाठी मी लघवी वापरायची थांबवणार नाही. प्रतिजैविकं चालू असताना आणि नंतर आठवडाभर त्या माणसाची लघवी वेगळी ठेवा, ती खाण्याच्या पिकाला नको. कर्करोगावरची औषधं चालू असतील तर तिथे तडजोड नाही: त्या व्यक्तीचं काहीच या व्यवस्थेत घेऊ नका.

मधुमेहाच्या लघवीतली साखर मातीला त्रास देत नाही.

१३. घरात कुणाला जुलाब, विषमज्वर किंवा कावीळ झाली तर?

संडास वापरू द्या, उलट तेव्हा तो फार मोलाचा असतो, कारण जंतू गटारात न जाता कप्प्यात अडकतात. जुलाबात ओल जास्त येते, राख दुप्पट-तिप्पट टाका. विषमज्वराचे जंतू लघवीतही उतरू शकतात, म्हणून त्या काळातली लघवी पूर्ण सहा महिने साठवा, प्रश्न ९ मधली घरगुती सवलत घेऊ नका. भांडं आणि कडी रोज पुसा, साबणाने हात धुवा.

१४. तान्ह्या बाळाची शी तर निरुपद्रवी असते ना?

नाही. लहान मुलांच्या शीत रोगजंतू मोठ्यांइतकेच, पुष्कळदा जास्तही असतात, कारण जंत आणि जुलाब मुलांनाच अधिक होतात. तीही कप्प्यातच टाका आणि वर राख घाला. डायपर आत टाकू नका, तो कुजत नाही.

१५. पाळीच्या दिवसांत हा संडास वापरावा का?

बिनदिक्कत वापरावा. लघवीत रक्त मिसळल्याने खत बिघडत नाही, साठवणीचे नियम तेच. फक्त प्लास्टिकचा थर असलेले पॅड कप्प्यात टाकू नका.

१६. सेप्टिक टाकी उपसली की तो गाळ थेट शेतात टाकला तर?

टाकू नका. हा प्रश्न बहुतेक वेळा गाडी दारात उभी असताना येतो, म्हणून उत्तर सरळ देते. टाकी दहा वर्षांची असली तरी तिच्यात काल पडलेली विष्ठा आहे. जुना आणि ताजा माल एकत्र असतो, आणि ओल्या गाळात जंतांची अंडी छान टिकतात. असा गाळ वाळवून, मग इतर सेंद्रिय कचऱ्यासोबत गरम कंपोस्ट करून निर्धोक करता येतो, पण ते मैला-गाळ प्रक्रिया केंद्राचं काम आहे.

१७. आमचा दोन शोषखड्ड्यांचा पाण्याचा संडास आहे. त्यातलं खत चालेल का?

चालेल, दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरात नसतील तर. अनेक घरी जोडचेंबरमधली (जिथून दोन्ही खड्ड्यांकडे वाटा फुटतात) एक वाट बुजवलेलीच नसते आणि दोन्ही खड्डे एकत्र भरत राहतात. आधी ते चेंबर उघडून बघा. एक खड्डा बंद करून किमान दीड-दोन वर्षं द्या, कारण हा माल राखेच्या कप्प्याइतका कोरडा नसतो. लघवीतलं नत्र पाण्याबरोबर जमिनीत जिरलेलं असतं, त्यामुळे हे खत मातीचा पोत सुधारतं, नत्र फार देत नाही. खड्ड्यात पाणी वर येत असेल तर तो मुरणार नाही, आणि भूजलही नासेल.

१८. खत उपसायला मन धजत नाही. उपसण्याशिवाय काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो मला फार आवडतो. झिंबाब्वेत पीटर मॉर्गन यांनी रूढ केलेला आर्बरलू: सुमारे मीटरभर खोल खड्डा, वर उचलता येईल अशी हलकी लादी आणि आडोसा. दर वेळी माती, राख, पाला टाकत राहायचं. खड्डा तीन-चतुर्थांश भरला की लादी-आडोसा पुढच्या खड्ड्यावर न्यायचा, जुन्यावर वीतभराहून जाड मातीचा थर द्यायचा आणि त्या मातीत रोप लावायचं. मैल्याला कुणाचा हात लागत नाही. जागा हवी, पाणी खोलवर हवं. भूजल उथळ असेल तिथे हा मार्ग नको.

१९. गांडुळं सोडली किंवा बायोगॅसमध्ये टाकलं तर जंत मरतात का?

भरवसा ठेवू नका. गांडुळं विष्ठेचा आकार झपाट्याने कमी करतात, पण अंड्यांचा पूर्ण नायनाट करतात असं धरून चालू नका. शिवाय लघवीतल्या अमोनियाने गांडुळंच मरतात. साध्या बायोगॅस टाकीचं तापमान ३०–४० अंशांच्या घरात असतं, तेवढ्यात अंडी तग धरतात. दोन्हीतून निघालेल्या मालाला प्रश्न ७ मधला वेळ द्यावाच लागतो.

२०. ब्लीचिंग पावडर किंवा फिनेल टाकून हे काम लवकर उरकता येईल का?

नको, आणि लघवीच्या कॅनमध्ये ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको. अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निघतो. विष्ठेवर टाकली तर सेंद्रिय पदार्थच क्लोरीन खाऊन टाकतात, अंडी तशीच राहतात. फिनेलने मातीतले उपयोगी जीव मरतात. संडासाचं भांडं राखेने किंवा ओल्या फडक्याने पुसा.

२१. लघवीने जमीन खारट होते का?

लघवीत मीठ असतं, तेव्हा शंका रास्त आहे. पावसाने क्षार धुऊन जाणाऱ्या, निचऱ्याच्या जमिनीत प्रश्न १० मधल्या मात्रेने त्रास होत नाही. आधीच खारवट किंवा चोपण जमिनीत टाळा. कुंड्यांत सर्वात आधी दिसतं: मातीवर पांढरा पापुद्रा येतो, पानांच्या कडा जळतात. मग महिनाभर नुसतं पाणी द्या, तळाच्या भोकातून वाहून जाईल इतकं.

२२. मी फ्लॅटमध्ये राहते. मला यातलं काही जमेल का?

विष्ठेच्या नादी लागू नका, मुरवायला जागा नाही. लघवी जमेल. घट्ट झाकणाचा कॅन, देताना दहापट पाणी, पंधरा दिवसांतून एकदा कुंडीला पेलाभर.

२३. हे खत विकता येईल का? सेंद्रिय प्रमाणपत्र मिळेल का?

अनेक सेंद्रिय प्रमाणपत्रांच्या नियमांत मानवी मलमूत्राला परवानगी नाही. प्रमाणपत्र असेल किंवा हवं असेल तर वापरण्याआधी त्या संस्थेला लेखी विचारा. विकायचं म्हटलं की घरगुती सवलती संपतात, तपासणी आणि परवाना लागतो. हे अशक्य नाही. स्वित्झर्लंडच्या एआवाग या पाणी-संशोधन संस्थेच्या कामातून आलेलं ‘ऑरिन’ हे लघवीचं द्रवखत २०१८ मध्ये तिथे खाद्यपिकांसाठी मान्य झालं. त्यात आधी सूक्ष्मजीवांकडून नत्र स्थिर करून घेतात, मग सक्रिय कोळशातून औषधांचे अंश काढतात, शेवटी ते आटवतात.

२४. कप्पा कुणी उपसायचा? काय काळजी घ्यायची?

ज्यांच्या घरचा आहे त्यांनी. दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर आणि हातावर आपला कच्चा मैला द्यायचा, हे ज्या कारणाने थांबायला हवं त्याच कारणाने हा संडास उभा राहिला. वेळ पूर्ण दिला असेल तर उपसणं हे माती उपसण्यासारखंच काम आहे. घरची माणसं ते करत नसतील तर कप्प्यात काहीतरी बिघडलंय असं समजा.

हातमोजे, बंद बूट, नाकावर फडकं. राखेची धूळ उडते म्हणून वाऱ्याच्या दिवशी नको. या कामाचं फावडं वेगळं. नंतर साबणाने अंघोळ. कप्पा बाहेरून, दारातून उपसतात, आत उतरायचं नसतं. आणि ओल्या खड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत कोणत्याही कारणाने, कुणालाही, क्षणभरही उतरू देऊ नका. आतल्या वायूने माणूस शुद्ध हरपतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही परत येत नाही.

२५. हे एवढं चांगलं आहे तर सगळीकडे का नाही?

मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, आणि त्यात अडचणीही दिसल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत २००० साली पटकीची साथ आली. त्यानंतर डर्बनच्या नगरपालिकेने शहराच्या कडेच्या वस्त्यांत सुमारे ८०,००० मूत्र-विलग (लघवी वेगळी काढणारे) संडास बांधले. लाखो लोकांना संडास मिळाला. पण पुष्कळ घरांना तो दुय्यम वाटला, कारण शहराच्या मध्यात फ्लश होता. कप्पा स्वतः उपसून माल अंगणात पुरायचं कामही अनेकांना नकोसं झालं. संडास बांधून दिला आणि वापरणाऱ्याला विचारलं नाही की असं होतं. बांधण्याइतकाच वेळ शिकवण्यात, दुरुस्तीत आणि पहिल्या उपशाला सोबत उभं राहण्यात द्यावा लागतो. माझ्या पाहण्यात बंद पडलेले बहुतेक इकोसॅन गळक्या सांध्यामुळे आणि संपलेल्या राखेमुळे बंद पडले.

२६. घर सोडतोय. अर्धवट भरलेल्या कप्प्याचं काय करू?

तसाच सोडून जाऊ नका, नवीन माणसाला काही माहीत नसतं. वरून राख किंवा चुन्याचा जाड थर द्या, भोक पक्कं बंद करा आणि बंद केल्याची तारीख दारावर रंगवा. येणाऱ्याला तोंडी सांगा आणि लिहूनही द्या: अमुक तारखेपर्यंत उघडू नये. वर्षभराने तुम्हीच येऊन उपसू शकत असाल तर तसं ठरवून टाका. घर पाडणार असतील तर माल बाहेर काढून शेताच्या कडेला, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, उथळ चरात पुरा. वर हातभर माती घाला आणि एखादं झाड लावा. त्या जागी निदान दोन वर्षं कुणी खणू नये म्हणून भोवती दगड मांडा.